सोलापुरात लिनक्सचा गट टिकवायचा असेल तर

प्रश्न: आम्ही चौघे सोलापूरच्या ‘जुळे सोलापूर’ या भागात राहतो. दोघे अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहेत, एक शाळेत शिक्षक आहेत आणि मी एका पतसंस्थेत संगणकाचे काम पाहतो. पुण्यात आहे तसा लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी खुली ऑपरेटिंग सिस्टीम) वापरणाऱ्यांचा गट सोलापुरात सुरू करावा असे आमच्या मनात आहे. जागा, खर्च आणि कार्यक्रम यांचे नियोजन कसे करावे? आणि मुख्य म्हणजे असा गट येथे टिकेल का?

उत्तर:

तुमच्या प्रश्नाचा शेवटचा भाग मी आधी घेतो, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. गट टिकू शकेल. मात्र तुम्हा चौघांपैकी कोणाच्या भरवशावर तो उभा राहतो, यावर ते ठरेल. मी वीसहून अधिक वर्षे सोलापुरात सर्व्हर आणि नेटवर्कची कामे करत आलो आहे, आणि या काळात असे दोन गट सुरू होऊन बंद पडताना मी आतून पाहिले आहेत. दोन्ही वेळा उत्साह भरपूर होता, जाणकार होते, जागाही मिळाली होती. पण दोन्ही गट शेवटच्या वर्षाची मुले चालवत होती, आणि निकाल लागल्यावर पावसाळ्यापर्यंत त्यातील बहुतेकांना पुण्यात किंवा हैदराबादेत नोकरी लागली. त्यांनी जाऊ नये असे कोण म्हणेल? पण त्यांच्याबरोबर सभासदांची यादी गेली, पासवर्ड गेले, आणि कोणत्या कॉलेजच्या कोणत्या सरांशी बोलले की प्रयोगशाळा उघडून मिळते ही माहितीही गेली. म्हणून माझा पहिला सल्ला असा की, गटाची सूत्रे गावात राहणाऱ्या माणसांकडे असू द्यावीत. तुमच्यात अशी दोन माणसे आहेत: शिक्षक आणि तुम्ही. विद्यार्थ्यांनी कामाचा मोठा वाटा जरूर उचलावा, कारण शिकण्याची भूक त्यांनाच जास्त असते. पण कपाटाची किल्ली आणि सगळ्या खात्यांचे पासवर्ड तुम्हा दोघांकडे असावेत.

असे गट मुळात का निर्माण झाले, हे नव्या सभासदांना सांगता यावे म्हणून थोडी पार्श्वभूमी देतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू या मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाची घोषणा केली. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस तोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहीत असल्याचे जाहीर केले, तीच लिनक्स, आणि पुढच्याच वर्षी तिचा गाभा जीपीएल या, कोणालाही वापरायला आणि बदलायला मोकळीक देणाऱ्या परवान्याखाली खुला केला. लिनक्सचा गाभा घेऊन बनवलेली डेबियन ही सिस्टीम १९९३ मध्ये सुरू झाली, आणि लिनक्सची चुलत बहीण म्हणावी अशी फ्रीबीएसडीही त्याच वर्षीची. तेव्हा घरी इंटरनेट नव्हते आणि जिथे होते तिथे ते फोनच्या तारेवरून रांगत येई, त्यामुळे ज्याच्याकडे सीडी असेल त्याच्या घरी जमणे हाच एक मार्ग होता. आपल्याकडे अनेकांनी नव्वदच्या दशकात पीसी क्वेस्ट मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून लिनक्स पहिल्यांदा चालवले. पुढे २००४ मध्ये उबुंटू हे लिनक्सचे आणखी एक रूप आले आणि त्यांच्या सीडी पोस्टाने घरपोच व फुकट मिळू लागल्या. २०११ मध्ये ती सोय बंद झाली तोवर माझ्या टेबलाच्या खणात त्या पाकिटांचा गठ्ठा जमला होता, आणि दुकानात येणाऱ्या प्रत्येक जिज्ञासू मुलाच्या हाती मी त्यातले एक ठेवत असे.

आज सीडीसाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही आणि कोणत्याही अडचणीचे उत्तर मोबाइलवर सापडते. मग गट कशासाठी? माझे उत्तर असे की, सापडलेले उत्तर आपल्या संगणकाला लागू आहे की नाही, हे ओळखायला शेजारी एक अनुभवी माणूस बसलेला लागतो. टर्मिनलमध्ये, म्हणजे लेखी आज्ञा देण्याच्या खिडकीत, एखादी ओळ चिकटवण्यापूर्वी ‘थांब, आधी डिस्कचे नाव बघ’ असे म्हणणारा शेजारी मिळाला, तर नवख्याची भीती जाते आणि डेटाही वाचतो. शिवाय आपल्या गावाच्या म्हणून काही अडचणी असतात, त्यांची उत्तरे बाहेरचा माणूस तयार करून देत नाही.

सध्या हा गट सुरू करायला एक ठोस निमित्तही आहे. विंडोज १० चा नियमित आधार, म्हणजे सुरक्षेची अपडेट मिळणे, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० हा सुरक्षेचा घटक लागतो, आणि इंटेलच्या बाबतीत साधारणपणे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच तिच्या यादीत बसतात. त्यामुळे व्यवस्थित चालणारे कितीतरी संगणक निव्वळ या अटीपायी बाद ठरतात. शाळांमध्ये, वाचनालयांत, लहान कार्यालयांत असे संगणक धूळ खात पडलेले तुम्हीही पाहिले असतील. चार जीबी रॅम असलेल्या अशा संगणकात जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि लिनक्स मिंट टाकले, तर पत्रव्यवहार, ब्राउझर आणि शाळेचे काम यांसाठी तो पुढची काही वर्षे सुखाने चालतो. एवढे मात्र ध्यानात घ्या की अगदी जुन्या, ३२ बिटच्या संगणकांचे दिवस आता संपत आले आहेत. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही. शाळेला उगाच आशा लावण्याआधी प्रोसेसर पाहून घ्यावा.

आता कार्यक्रमाविषयी. मोठे अधिवेशन, पाहुणे, व्यासपीठ, सत्कार यांच्या मागे पहिले वर्षभर तरी लागू नका. महिन्यातला एक दिवस कायमचा ठरवा, समजा दुसरा रविवार, सकाळी दहा ते एक. आणि त्या दिवशी तीन माणसे आली तरी दार उघडा. बंद पडलेल्या दोन गटांपैकी एकाने पहिल्या वर्षी दोन दिवसांची दिमाखदार कार्यशाळा घेतली, मुलांनी गर्दी केली, आणि त्या दमणुकीनंतर पुढची बैठक चार महिन्यांनी झाली. तोवर कार्यशाळेत लिनक्स टाकून गेलेल्या मुलांना वाय-फाय चालेना म्हणून पुन्हा विंडोजकडे जावे लागले होते, कारण विचारायला जागाच नव्हती. जागेवर कोणीतरी भेटणारच अशी खात्री लोकांना वाटली की ते अडलेले काम महिनाभर जपून ठेवतात आणि घेऊन येतात. दिवस ठरवताना परीक्षांचे महिने आणि जानेवारीतली गड्डा यात्रा एवढे लक्षात घ्या. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असतो, तेव्हा वेळ सकाळी आठची करा.

या दिवसाला मी ‘मदतीचा दिवस’ म्हणेन. येणारा माणूस स्वतःचा संगणक घेऊन येतो आणि त्याचे काम तिथेच होते. याची पद्धत मात्र कडक असावी, आणि ती का असावी हे सांगण्यासाठी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगतो. एका बैठकीला एक विद्यार्थिनी नवा लॅपटॉप घेऊन आली. विंडोजही ठेवायचे आणि शेजारी लिनक्सही हवे, अशी तिची इच्छा होती. आमच्यातल्या एकाने घाईने बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टीम सुरू होऊ न देणारे कुलूप, बंद केले. लिनक्स उत्तम बसले. पण विंडोज सुरू केल्यावर निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली गेली. डिस्क विंडोजच्याच बिटलॉकर या सोयीने कूटबद्ध झालेली होती, याची तिला कल्पना नव्हती आणि आम्ही विचारले नव्हते. ती की ज्या ऑनलाइन खात्यात साठवलेली होती, ते खाते लॅपटॉप विकणाऱ्या दुकानदाराने स्वतःच्या सोयीने उघडून दिले होते आणि त्याचा पासवर्ड त्यालाही आठवेना. सिक्युअर बूट पुन्हा चालू करून पाहिले, तरी त्या दिवशी दार उघडले नाही. शेवटी डिस्क पुसावी लागली. तिच्या प्रकल्पाचा अहवाल मार्गदर्शकांना मेलने पाठवलेल्या जुन्या प्रतीवरून कसाबसा उभा राहिला. छायाचित्रे गेली ती गेलीच. ती मुलगी पुन्हा बैठकीला आली नाही, आणि ते मला आजही लागते.

तेव्हापासून मी आग्रहाने सांगतो की, कीबोर्डला हात लावण्यापूर्वी एक कागद भरून घ्या. त्यावर संगणक कोणाचा, बॅकअप कुठे आणि तो उघडून पाहिला का, बिटलॉकर चालू आहे का व असल्यास की कागदावर उतरवली का, विंडोज ठेवायचे की काढायचे, एवढे प्रश्न असावेत आणि खाली मालकाची सही असावी. बॅकअप नसेल तर त्या दिवशी इन्स्टॉलेशन होणार नाही, हा नियम ओळखीच्या माणसासाठीही मोडू नये. त्यानंतर पेनड्राइव्हवरून थेट चालणारे लिनक्स सुरू करून, काहीही न पुसता, वाय-फाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड आणि शक्य असल्यास त्यांचा प्रिंटर तपासावा. यात जे चालत नाही ते इन्स्टॉल केल्यावर आपोआप चालू लागेल अशी आशा धरू नये. डाउनलोड केलेल्या आयएसओ (इन्स्टॉलेशनच्या) फाइलची एसएचए-२५६ बेरीज, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे दाखवणारी खूण, जुळवून पाहण्याची सवय पहिल्या दिवसापासून लावा. खराब फाइलमुळे वाया गेलेले दोन तास कोणी परत देत नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्याचा संगणक त्याच्याच हातात कीबोर्ड. मदतनीसाने शेजारी बसून सांगायचे, कीबोर्ड हिसकावून घ्यायचा नाही. हा नियम पाळायला जाणकारांना फार जड जातो, पण गटात स्त्रिया, वयस्क माणसे आणि शाळकरी मुले टिकून राहतात ती याच एका नियमामुळे, असे माझे निरीक्षण आहे.

नवख्यांसाठी गटाने एकच डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचे एकच तयार रूप, ठरवून घ्यावी, मिंट किंवा डेबियन. तुमच्यापैकी कोणाला आर्च आवडत असेल, कोणाला फेडोरा, कोणाला ओपनबीएसडीची पीएफ फायरवॉल शिकायची असेल, तर त्यासाठी बैठकीचा शेवटचा अर्धा तास मोकळा ठेवा. बीएसडीवाल्यांनाही आपलेच माना. पण पहिल्यांदा येणाऱ्या माणसासमोर कोणती डिस्ट्रो श्रेष्ठ हा वाद घालू नका. आणि विंडोज वापरणाऱ्याला हिणवू नका. चाटी गल्लीतल्या कापडाच्या व्यापाऱ्याचा सगळा हिशेब टॅलीवर असतो, आणि टॅली विंडोजसाठी बनलेली आहे. ‘मला रोजचं बिल निघालं पाहिजे बघा, बाकी तुमचं काय ते करा,’ असे तो म्हणतो तेव्हा त्याचे बरोबर असते. अशा संगणकाला हात लावू नये. त्याच्या घरचा मुलांचा संगणक मात्र जरूर घ्यावा.

सोलापूरच्या गटाला जे काम पुण्याच्या गटापेक्षा अधिक चांगले जमेल, ते म्हणजे भाषांचे. आपल्या गावात एकाच गल्लीत मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू बोलली जाते. लिनक्समध्ये भाषांचे कीबोर्ड जोडण्याची सोय आधीच असते, फक्त सेटिंगमध्ये जाऊन निवडायची असते. इनस्क्रिप्ट या भारतीय लिप्यांच्या कीबोर्ड मांडणीत, इंग्रजीतले ‘के’ अक्षर ज्या कळीवर आहे तिथे मराठीत क उमटतो, आणि भाषा बदलून तीच कळ दाबली की तेलुगूतला क, पुन्हा बदलली की कन्नडमधला क. ‘एच’च्या कळीवर प, ‘जे’च्या कळीवर र, हेही तिन्ही लिप्यांत तसेच. पूर्व भागातल्या एका विणकर कुटुंबातील आजोबांना मी हे दाखवले होते. त्यांचे शाळेतले शिक्षण मराठीतून झाले, घरची भाषा तेलुगू. त्यांनी नातवाचे नाव आधी देवनागरीत टंकले, मग बोटांची जागा न बदलता तेलुगूत टंकले, आणि बराच वेळ पडद्याकडे पाहत बसले. उर्दूची मांडणी वेगळी आणि लेखन उजवीकडून डावीकडे. ते शिकवण्यासाठी उर्दू शाळेतल्या एखाद्या शिक्षकांना आवर्जून बोलवा.

मराठीच्या बाबतीत एक बारकावा सांगतो, कारण छापखान्यातली माणसे बैठकीला आली की हाच प्रश्न हमखास निघतो. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला ऱ्या कसा काढायचा? इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून ‘जे’ची कळ दाबली की ऱ मिळतो, त्यानंतर ‘डी’च्या कळीवरचे हलन्त चिन्ह, मग तिरप्या रेघेच्या कळीवरचा य आणि ‘ई’च्या कळीवरचा काना. या चार कळा एकदा बोटांत बसल्या की ‘सूर्या’ आणि ‘सुऱ्या’ यांत गल्लत होत नाही. अडचण पुढे येते. गावातल्या अनेक छापखान्यांत लग्नपत्रिकांच्या वर्षानुवर्षांच्या फाइली युनिकोड ही सगळ्या लिप्यांची समान संकेतपद्धत येण्यापूर्वीच्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत. अशी फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की ‘श्री गणेशाय नमः’ ऐवजी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा लगदा दिसतो, कारण त्या फाइलीत मुळात मराठी अक्षरे साठवलेलीच नसतात. इंग्रजी अक्षरांना मराठी चेहरे चढवलेले असतात. एका छापखानेवाल्यांना मी जुने विंडोज एका विभागात तसेच ठेवायला सांगितले, आणि नवे काम इंकस्केप या चित्रे आणि मांडणी करण्याच्या खुल्या प्रोग्राममध्ये, मुक्ता व नोटो यांसारखे खुले युनिकोड फॉन्ट घेऊन सुरू करून दिले. त्यांच्या जुन्या फाइली बदलून देण्याचे आश्वासन मी दिले नाही, तुम्हीही देऊ नका. परिवर्तकातून काढलेल्या मजकुरात जोडाक्षरे हमखास बिघडतात आणि लग्नपत्रिकेत आजोबांच्या नावाची वेलांटी चुकणे परवडत नाही.

‘ओपन सोर्स म्हणजे काय’ हे समजावण्यासाठीही आपल्याकडे बाहेरचे उदाहरण लागत नाही. जॅकार्ड जोडलेल्या मागावर सोलापुरी चादर विणताना छिद्रे पाडलेल्या कार्डांची माळ फिरते. जिथे छिद्र तिथे सुई आत जाते आणि ताण्याचा धागा वर उचलला जातो, जिथे छिद्र नाही तिथे धागा खालीच राहतो, आणि त्यातून मोर किंवा कमळ उमटते. आता बरेच जॅकार्ड इलेक्ट्रॉनिक झाले आहेत, पण कार्डे पाहिलेली माणसे घरोघरी आहेत. चादर विकत घेतली तर नक्षी पांघरता येते; कार्डे हातात आली तर नक्षी वाचता येते, बदलता येते, शेजाऱ्याच्या मागावरही चढवता येते. प्रोग्राम आणि त्याचा सोर्स, म्हणजे मूळ लिहिलेला कोड, यांत तेवढाच फरक आहे. शाळेत हे एकदा सांगून पाहा, विणकरांच्या घरातली मुले तुमच्या आधी पुढचे वाक्य बोलतील.

जागा आणि खर्च यांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. शिक्षकांची शाळा रविवारी मोकळी असते, मुख्याध्यापकांचे लेखी पत्र घ्या आणि खोली होती तशी स्वच्छ करून परत द्या. कॉलेजची प्रयोगशाळा मिळाल्यास उत्तम, पण तिथल्या नेटवर्कवर बहुधा बंधने असतात. जागा पाहायला जाल तेव्हा खुर्च्यांआधी प्लग मोजा, आणि दोन-तीन चांगले एक्स्टेंशन बोर्ड जवळ बाळगा. संस्था नोंदणीची घाई नको. १८६० च्या कायद्याप्रमाणे सात सभासद गोळा करणे अवघड नाही, पण नंतरचे हिशेब, लेखापरीक्षण आणि कागदपत्रे सांभाळण्यातच तुमचे रविवार जातील. वर्गणीची एक वही ठेवा, जमाखर्च दर बैठकीला वाचून दाखवा, तेवढे पुरे.

एक तांत्रिक सोय मात्र पहिल्या बैठकीपासून करा. दहा जण एकाच वेळी अपडेट करू लागले की मोबाइलच्या हॉटस्पॉटची धाप लागते. एका जुन्या संगणकावर डेबियन टाकून त्यावर ‘एपीटी-कॅशर-एनजी’ हा उतरवलेल्या फाइली साठवून ठेवणारा प्रोग्राम बसवा. तो ३१४२ क्रमांकाच्या पोर्टवर वाट पाहतो. बाकीच्या संगणकांना पॅकेजेस त्याच्याकडूनच घ्यायला सांगितले की पहिल्याने उतरवलेली फाइल पुढच्या नऊ जणांना स्विचवरून काही क्षणांत मिळते. काम झाल्यावर घरी जाण्यापूर्वी ती सेटिंग काढायला विसरू नका, नाहीतर त्यांचे अपडेट घरी गेल्यावर अडकून बसते.

गट वाढतो आहे की नाही, हे किती संगणकांवर लिनक्स टाकले यावरून मोजू नका. मागच्या वर्षी मदत घ्यायला आलेल्यांपैकी यंदा किती जण दुसऱ्याच्या शेजारी बसून मदत करतात, हा आकडा वहीत लिहा. त्यासाठी प्रत्येक अनुभवी मदतनीसाबरोबर एक शिकाऊ बसवा आणि तिसऱ्या बैठकीला त्यांची अदलाबदल करा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे छोटे धडे मराठीतूनही आहेत. दोन बैठकांच्या मधल्या काळात ते पाहायला सांगावेत. जे थोडे पुढे गेले आहेत त्यांना नीट बग रिपोर्ट (प्रोग्राममधल्या दोषाची नोंद) लिहायला शिकवा, किंवा मराठी भाषांतराच्या कामाला लावा. लिबरऑफिस हे कार्यालयीन सॉफ्टवेअर, केडीई आणि नोम हे लिनक्सचे डेस्कटॉप, या सर्वांत मराठी भाषांतराला हात हवेच आहेत, आणि त्यासाठी प्रोग्रामिंग यावे लागत नाही, मराठी चांगले यावे लागते. तुमच्या शिक्षकांनी या कामात पुढाकार घेतला तर मला आनंद होईल. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर सॉफ्टवेअर स्वातंत्र्य दिन पाळला जातो. वर्षातला एकच जाहीर कार्यक्रम करायचा असेल तर तो त्या सुमारास करा. पुण्याच्या गटाशी ओळख ठेवा, त्यांच्या अनुभवाचा उपयोग होईल. गेलेली मुले सुट्टीत गावी येतात तेव्हा त्यांनाही एक सत्र घ्यायला लावा.

पहिल्या बैठकीसाठी ३२ जीबीचे दोन पेनड्राइव्ह, एक रिकामी बाह्य हार्ड डिस्क, चार लॅनच्या वायरी, स्क्रूड्रायव्हरचा संच आणि वर सांगितलेल्या सहीच्या कागदाच्या वीस प्रती एवढे जवळ असू द्या. आठ पोर्टचा एक स्विच माझ्याकडे वापराविना पडून आहे, तो गटासाठी घेऊन जा. दिवस ठरला की कळवा; पहिले तीन रविवार मी येईन आणि चौथ्यापासून तुम्ही सांगाल तेव्हा.